दोन खटक्यांच्या मधे

१

दुपारी दोनचा स्टील प्लांटचा भोंगा वाजला की रामटेक्यांच्या घरातला कूलर बंद व्हायचा. भिलाईत एप्रिल महिन्यात कूलर बंद करणारा माणूस एक तर कंजूष असतो, नाही तर वेडा. आणि सुगत रामटेके कंजूष मुळीच नव्हते. कूलर बंद, पंखा बंद, खिडकी बंद. मग स्मृति नगरातल्या त्या घराच्या मागच्या खोलीत ते आपल्या खुर्चीत बसायचे आणि घाम पुसत सीडी ऐकायचे.

आता ऐकायचे म्हणजे गाणं ऐकायचे, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. ते यंत्रं ऐकायचे. ब्लास्ट फर्नेसच्या कंट्रोल रूममध्ये चौतीस वर्षं काटे बघून रिटायर झालेला माणूस. घर बांधलं, मुलीचं लग्न केलं, आणि उरलेली सगळी हौस दोन यंत्रांवर वाहिली. पहिलं म्हणजे एक जुना जपानी सीडी प्लेयर. वजन अठरा किलो, उचलायला दोन माणसं लागायची. दुसरं यंत्र जोडीचं होतं. त्यातला ट्रान्सपोर्ट सीडी नुसती वाचतो, आणि शेजारचा वेगळा डबा त्या वाचलेल्याचा आवाज करतो. "हा वाचनारा, तो बोलनारा," असं रामटेके पाहुण्यांना समजावून सांगायचे. पाहुणे चहा कधी येतो ते बघत असायचे.

जुन्याच्या आवाजाला अंग होतं. सारंगी लागली की तार तर ऐकू यायचीच, पण तारेला घासणारं नखही जाणवायचं. भरवशाचा मात्र नव्हता. चाळीस मिनिटांनी तापला की कुठेतरी अडखळायचा. नवा ट्रान्सपोर्ट कधी अडखळला नाही. ओरखडे पडलेली सीडीही तो शहाण्या मुलासारखा सरळ वाचून काढायचा, पण रामटेक्यांना त्यात काहीतरी कोरडं वाटायचं. नुसतं वाटायचं की खरंच होतं, या एका प्रश्नानं त्यांना सहा वर्षं छळलं होतं.

२

कोणतं यंत्र वाजतंय हे डोळ्यांना माहीत असलं की कान खोटं बोलतात. म्हणून परीक्षा आंधळी हवी, आणि आंधळ्या परीक्षेला दुसरा माणूस लागतो. हे काम त्यांच्या बायकोकडे, वच्छलाबाईंकडे होतं.

खोलीच्या एका बाजूला जाड पडदा लावलेला. पडद्यामागे स्टूल, आणि स्टुलासमोर जवळच्या रसमडा गावातल्या भंगारातून आणलेला एक लोखंडी खटका. वर केला की जुना वाजायचा, खाली केला की नवा, मधे ठेवला की काहीच नाही. दोन्ही यंत्रांत एकाच सारंगीच्या सीडीच्या दोन प्रती घालून एकदम चालू करायच्या. मग रामटेके म्हणणार, "बदल." पडद्यामागे खट्. आवाज बंद. त्या शांततेत वच्छलाबाईंनी मनाशी ठरवायचं, आता वर की खाली. पुन्हा खट्. सारंगी सुरू. बाईंनी आपल्या चिठ्ठीवर खरं काय ते लिहायचं, रामटेक्यांनी आपल्या चिठ्ठीवर ओळखलेलं लिहायचं. असे दहा डाव.

दहातले पाच बरोबर यायचे. कधी चार. एकदा सहा आले तेव्हा रामटेक्यांनी स्वतः जाऊन गुलाबजाम आणले होते.

"रुपाया उडवला असता तरी पाच आलेच असते जी," वच्छलाबाई म्हणायच्या.

"तुले नाही समजत ते."

"मले नाही समजत, तुमच्या कानाले बी नाही समजत. मंग समजते कोनाले?"

या खेळाचा शेवट ठरलेला होता, आणि तो प्लांटमधून आला होता. तिथं शिफ्ट संपली म्हणून कोणी उठून चालू लागत नाही. पुढचा माणूस येतो, 'चार्ज घेतला' म्हणतो, मगच आधीचा खुर्ची सोडतो. पुढचा आलाच नाही तर डबल करायची, सोळा तास. लग्नाच्या पहिल्या वर्षी वच्छलाबाईंनी ताट वाढून अशा कितीतरी डबल ड्यूट्या बसून काढल्या होत्या, त्यामुळे तो नियम त्यांना नवऱ्याइतकाच पाठ होता. दहा डाव झाले तरी त्या स्टुलावरून हलायच्या नाहीत.

"चार्ज घ्या नं जी! का डबल करू?"

"घेतला, घेतला. जाय तू."

मग स्टूल सरकल्याचा आवाज यायचा आणि पदरानं गळा पुसत बाई कूलरकडे धावायच्या.

३

वच्छलाबाई गेल्या एप्रिलात गेल्या. याच खोलीत, याच स्टुलावर. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. रामटेक्यांनी विहारातल्या भंतेजींना बोलावून पुण्यानुमोदन केलं, दारात एक कडुनिंब लावला. पिंड, कावळा, तेरावं हे सगळं त्यांच्या बापानं छप्पन सालीच सोडलं होतं. भुताखेतांना तर या घरात कधी उंबऱ्याच्या आत घेतलंच नव्हतं. माणूस गेलं म्हणजे गेलं, आणि घर रिकामं झालं म्हणजे झालं.

पण घर इतकं रिकामं होतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. एका माणसाचा भात किती टाकायचा, याचा अंदाज त्यांना वर्षभरात आला नाही. रोज उरायचा. बोलायला कोणी नाही म्हणून ते कुकरच्या शिट्ट्या मोठ्यानं मोजायचे. संध्याकाळी फाटकाशी उभे राहिले की शेजारी विचारायचे, "क्या रामटेके जी, सब ठीक?" आणि उत्तराला न थांबता गाडी आत घ्यायचे. मागच्या खोलीचं दार वर्षभर लावलेलं होतं.

मुलगी करिष्मा नागपूरला. तिचा रोज फोन.

"बाबा, जेवले का? काय करून राहिले?"

"काही नाही. बसून राहिलो."

"मी पंधरा तारखेले तुमाले नागपूरले न्याले टेम्पो घेऊन येऊन राहिली. किरायेदार भी मिल गया. आता नाही म्हनायचं नाही हं. लेकिन बाबा, फ्लॅट छोटा है. तुमच्या दोन मशिनीतली एकच आना."

"एकच?"

"एकच. कोनती ते तुमी ठरवा."

ठरवायचं म्हटलं की परीक्षा आली. आणि परीक्षा आली की पडद्यामागे माणूस आलं.

४

माणूस नव्हतंच. म्हणून दर वेळी स्वतः उठून खटका बदलायचा, असं रामटेक्यांनी ठरवलं. परीक्षा आंधळी होणार नव्हती, पण इलाज नव्हता.

एक तारखेला दोनचा भोंगा झाल्यावर त्यांनी मागची खोली उघडली. धूळ पुसली, कूलर बंद केला. दोन्ही यंत्रं एकदम चालू केली, पडद्यामागे जाऊन खटका वर केला आणि खुर्चीत येऊन बसले. स्टुलाकडे बघायचं त्यांनी टाळलं होतं.

जुना तसाच वाजत होता, भरल्या गळ्यानं. रामटेक्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभरात जे आलं नव्हतं ते आता सारंगीच्या निमित्तानं आलं, आणि त्यांनी येऊ दिलं. चार मिनिटं गेली असतील. उठायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. जुन्या सवयीनं तोंडातून शब्द निघून गेला.

"बदल."

खट्.

सारंगी बंद झाली.

लाईट गेली, हा त्यांचा पहिला विचार. पण दोन्ही यंत्रांचे हिरवे आकडे जळत होते आणि सेकंदा-सेकंदानं पुढं सरकत होते. रामटेके आकड्यांकडे बघत राहिले. काटे बघायची सवय जन्माची. एक, दोन, तीन. खोलीत स्वतःच्या श्वासाखेरीज काही ऐकू येत नव्हतं. सात, आठ, नऊ.

खट्.

सारंगी सुरू झाली. स्वच्छ, सरळ, थोडी कोरडी.

ते उठले आणि पडदा बाजूला केला. स्टूल जागेवर होतं, भिंत जागेवर होती. खटका खाली होता.

५

चौतीस वर्षांत रामटेक्यांनी हजार खोटे अलार्म पाहिले होते, आणि प्रत्येकामागे काही ना काही कारण निघालं होतं. उन्हानं लोखंड पसरतं. स्प्रिंग म्हातारी होते. पालीसुद्धा कमी उद्योगी नसतात. त्यांनी खटका खोलून पाहिला. स्प्रिंग इतकी टणक होती की अंगठ्यानं जोर लावल्याशिवाय हलत नव्हती. पालीच्या अंगात एवढं बळ असेल तर तिला प्लांटमध्ये भरती करायला हवं, असं ते स्वतःशीच म्हणाले आणि हसले. हसू आपल्याच कानाला बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धर्मेंद्रला बोलावलं. धर्मेंद्र दुर्गच्या मोहन नगरात राहायचा, रेल्वेच्या सिग्नलमध्ये होता, मूळचा नागपूरकडचा. ही दोन्ही यंत्रं त्यानंच शोधून दिली होती. रामटेक्यांनी त्याला शेजारी बसवलं, सीड्या चालू केल्या आणि म्हणाले, "बदल."

काही झालं नाही.

"बदल," ते पुन्हा म्हणाले.

"कोनाले म्हनता दादा?"

"सवय आहे."

धर्मेंद्रला वाईट वाटलं असावं. तो म्हणाला, "इतकं सोचून नका राहू दादा. नवाच घेऊन जा. जुन्याचं अंग मस्त आहे, मानतो, पन कब धोका देगा, भरोसा नहीं. नवा मरेस्तोवर साथ नाही सोडनार. बरं, मी बसतो मागं, तुमी करा तुमची परीक्षा."

तो पडद्यामागे गेला. अर्ध्या मिनिटात बाहेर आला.

"दादा, अंदर कोनी बसते का?"

"कावून?"

"स्टूल गरम लागलं."

"एप्रिल आहे धर्मेंद्र."

"हो. एप्रिल तं आहे," धर्मेंद्र म्हणाला. पण तो परत मागे गेला नाही, आणि अर्धा चहा कपातच ठेवून निघाला.

तो फाटकाबाहेर पडल्यावर रामटेके खोलीत परत आले. सारंगी चालूच होती. त्यांनी दार लावलं आणि हळूच म्हटलं, "बदल."

खट्.

६

सांगायला बरं वाटत नाही, पण पुढचे दहा-बारा दिवस रामटेके सुखात होते.

ते रोज दाढी करायला लागले. दोनच्या आधी जेवून घ्यायचे, आणि भातही उरेनासा झाला. भूक लागायला लागली होती ना. करिष्मा फोनवर काय म्हणाली, कडुनिंबाला किती पानं आली, शेजाऱ्याच्या नव्या गाडीला पहिल्याच आठवड्यात कसा ओरखडा पडला, हे सगळं ते दोन डावांच्या मधे पडद्याला सांगायचे. उत्तर यायचं नाही. पण ऐकणारं कोणी असलं की बोलणाऱ्याला ते कळतं. पडद्यामागे कोण आहे, असं त्यांनी स्वतःला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर कारण शोधावं लागलं असतं, आणि या वेळी त्यांना कारण नको होतं.

पण आकडे समोर होते. पहिल्या दिवशी दोन खटक्यांच्या मधे नऊ सेकंद गेले होते. चौथ्या दिवशी वीस. आठव्या दिवशी चाळीस. दहाव्या दिवशी सातव्या डावाला सव्वा मिनिट लागलं, आणि दुसरा खटका इतका हळू वाजला की कोणीतरी दोन्ही हातांनी तो जेमतेम ढकलला असावा. दहा डाव संपल्यावर ते उठून जायचे. स्टूल सरकल्याचा आवाज मात्र कधीच यायचा नाही. खोलीचं दार ओढून घेताना त्यांना रोज वाटायचं की आपलं काहीतरी करायचं राहून चाललंय.

काय राहिलं होतं, ते त्यांना ठाऊक होतं.

गेल्या वर्षी त्या दुपारी सातवा डाव झाल्यावर पडद्यामागून वच्छलाबाई म्हणाल्या होत्या, "पाय लय भरून आले जी. उठू का?" त्यांचे पाय तीन महिन्यांपासून सुजत होते. घोटे दिसेनासे झाले होते. कूलर बंद होता. आणि रामटेके, ज्यांचे त्या दिवशी पहिल्यांदाच सगळे डाव बरोबर येत आहेत असं त्यांना वाटत होतं, ते म्हणाले होते, "थांब नं. तीनच राहिले."

तीन डाव झाले. खट्, शांतता, खट्. तीनदा. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले. मग त्यांनी आनंदानं हाक मारली, "आन चिठ्ठी!" आणि कोणी आलं नाही म्हणून पडदा बाजूला केला. वच्छलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. हात खटक्यावर होता. चिठ्ठीवर सातच खुणा होत्या.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी वेळ सांगितली. रामटेक्यांनी मनातल्या मनात हिशोब केला. सातवा डाव आणि आठवा डाव यांच्या मधली वेळ होती ती.

हे त्यांनी करिष्माला सांगितलं नव्हतं. भंतेजींना सांगितलं नव्हतं. शेवटचे तीन डाव कोणी केले, हा प्रश्न त्यांनी वर्षभर त्या खोलीत कोंडून ठेवला होता. आणि त्या गडबडीत 'चार्ज घेतला' हे दोन शब्द बोलायचे राहून गेले होते. सोडवणारा रिलीव्हर आला नाही. बाई डबल करत होत्या.

७

चौदा तारखेला सगळं सामान बांधून झालं होतं. मागची खोली तेवढी तशीच होती. सकाळी करिष्मा येणार होती. कोणतं यंत्र न्यायचं ते ठरलं होतं, नवं. जुनं धर्मेंद्रला द्यायचं. आज शेवटचे दहा डाव घ्यायचे आणि मग दोन शब्द बोलायचे, असं रामटेक्यांनी अंघोळ करतानाच पक्कं केलं होतं. भुताखेतांवर विश्वास असो नसो, ड्यूटीवरच्या माणसाला सोडवायचं असतं. ते काही अंधश्रद्धेत येत नाही.

दोनचा भोंगा झाला. कूलर बंद झाला.

पहिले पाच डाव कसेबसे झाले. सहाव्याला दीड मिनिट लागलं. आठव्याला अडीच. रामटेक्यांच्या हातातली चिठ्ठी घामानं ओली झाली होती, तिच्यावर त्यांनी काही लिहिलंच नव्हतं. नवव्याला ते "बदल" म्हणाले, खट् झालं, सारंगी थांबली, आणि त्या शांततेत त्यांची नजर आकड्यांवरून घसरून खाली गेली.

पडद्याची किनार जमिनीपासून चार बोटं वर होती. तिथं पाय होते.

सुजलेले, कातडी ताणून चकाकणारी. घोटे नसलेले. एका पायाचा भार कमी व्हावा म्हणून दुसरा त्याच्यावर टेकवलेला, मग थोड्या वेळानं तो खाली आणि हा वर. ती तसंच करायची. शेवटचे महिने ओट्याशी उभी राहिली की तसंच करायची, आणि रामटेक्यांनी ते रोज पाहिलं होतं आणि कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी नजर वर नेली नाही. तीन मिनिटं दहा सेकंदांनी नववा डाव पुरा झाला.

आता एकच राहिला होता. "बदल" म्हणायचं, आणि नंतर ते दोन शब्द. स्टूल सरकेल. मग ही खोली खरंच रिकामी होईल, आणि नागपूरला चौथ्या मजल्यावर करिष्मा आणि जावई कामावर गेले की दिवसभर दुसरी एक खोली रिकामी असेल. तिथं "बदल" म्हटलं तर कोणी काही बदलणार नाही. रामटेक्यांनी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं.

ते उठले. स्वयंपाकघरातल्या खोक्याची दोरी सोडून त्यांनी पोळ्या लाटताना वच्छलाबाई बसायच्या तो पाट काढला. खोलीत आणून पडद्यासमोर जमिनीवर ठेवला आणि डोळे मिटून, पायानं हळूहळू आत सरकवला. तो आत कशाला तरी टेकला तेव्हा थांबले.

"पाय वर घे," ते म्हणाले.

मग त्यांनी करिष्माला फोन लावला.

"टेम्पो नको आनू बेटा."

"काय झालं बाबा? तब्येत ठीक है ना?"

"परीक्षा राहिली."

"कोनती परीक्षा? बाबा, किरायेदार एक तारीख से आ रहा है! कितना टाइम लगेगा?"

"एकच डाव राहिला," रामटेके म्हणाले आणि फोन बंद करून स्वयंपाकघरातल्या खोक्यात, भांड्यांच्या खाली ठेवून आले.

परत येऊन त्यांनी दोन्ही सीड्या पुन्हा सुरुवातीपासून लावल्या. खुर्चीत बसले, चिठ्ठी उलटी केली. कोऱ्या बाजूवर एकचा आकडा घातला.

"वच्छे," ते म्हणाले. आवाज अगदी लाडीगोडीचा होता. "मघाचे हिशोबात नको धरू. पहिल्यापासून करू. थांब नं."

पडद्यामागे काही हललं नाही.

"बदल."

खट्.

सारंगी बंद झाली. रामटेके आकड्यांकडे बघत बसले. एक मिनिट गेलं. आत पाटावर काहीतरी जड ठेवल्याचा आवाज झाला, मग तसाच दुसरा. बाहेर शाळेची बस आली, पोरं उतरली, बस गेली. आकडे चारवर गेले, पाचवर गेले. रामटेके घाम पुसत नव्हते.

बऱ्याच वेळानं खटका वाजला. आवाज जुन्याचा होता की नव्याचा, हे त्यांनी ऐकलंसुद्धा नाही.